लॉनचं क्षेत्रफळ नक्की कसं काढायचं? तिघांची तीन उत्तरं आली आहेत

रानजाई

नमस्कार मंडळी,

घरामागच्या मोकळ्या जागेत तयार लॉनचे रोल अंथरायचं ठरवलंय. तण मुळासकट काढून झालंय, माती खणून भुसभुशीत केली आहे, दगडगोटे वेचले आहेत. आता रोल किती मागवायचे इथे गाडं अडलंय.

रोल देणारा माणूस जागा बघून गेला. लांबीला पावलं टाकली, रुंदीला टाकली आणि म्हणाला, "शंभर चौरस मीटर धरा." माझ्या दिरांनी फोनवरचं ॲप चालू करून कडेकडेने एक फेरी मारली, त्यात ९७ आलं. मी टेप घेऊन चारही बाजू मोजल्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली आणि गुणाकार केला. माझं उत्तर ८५.९. शंभर आणि शहाऐंशी यांत चौदा रोलांचा फरक पडतो, म्हणून विचारते आहे.

माझी मापं अशी. कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हणू. घराच्या भिंतीकडची बाजू अब १२ मीटर, उजवीकडची बक ८.४, मागच्या कुंपणाची, क ते ड, ९.६ आणि डावीकडची डअ ७.५. जागा बघताच कळतं की आयत नाही, मागे निमुळती होत गेली आहे.

शिवाय बारकावे बरेच आहेत. मागच्या कुंपणाला लागून फुलझाडांचा वाफा आहे, त्याची पुढची कड नागमोडी. मधोमध नाही पण जरा डावीकडे एक जुनं झाड आहे, त्याला गोल आळं. पाण्याच्या टाकीचं एक झाकण जमिनीत आहे, ६० सेंमी चौरस. चालायला टाकलेल्या आठ सुट्या फरश्या आहेत. घराच्या बाजूने १.२ मीटर रुंद आणि ६.५ मीटर लांब असा एक पट्टा जातो, तिथेही लॉन हवंय. आणि मागच्या तिसऱ्या हिश्शात जमीन कुंपणाकडे उतरते.

रोल ४० सेंमी रुंद आणि अडीच मीटर लांब आहे असं तो म्हणतो, म्हणजे एका रोलात एक चौरस मीटर. कमी पडले तर नंतरच्या खेपेतलं गवत याच्याशी जुळेलच असं नाही, आणि जास्त आले तर ते ठेवायचे कुठे? कुणी नीट रीत सांगेल का? आकडेमोडीची भीती नाही, फक्त काय मोजायचं ते कळायला हवं.

---

दगडफूल

मी सरळ शंभर मागवले असते. उरले तर शेजाऱ्यांना द्या. कमी पडण्यापेक्षा बरं.

---

दूर्वांकुर

रानजाई ताई, मी लॉन घालायची कामं घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. दगडफूल यांचं म्हणणं मनापासूनचं आहे, पण ते मानू नका. गवताचा रोल म्हणजे जिवंत वस्तू आहे. गुंडाळलेल्या अवस्थेत तो आतून तापतो, ऊन असेल तर दिवसभरातच मधली पाती पिवळी पडायला लागतात. आल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो जमिनीवर गेलाच पाहिजे. पंधरा रोल जास्तीचे आले तर त्यांचं खत होतं, दुसरं काही नाही.

आता तुमचे तीन आकडे. ते कुठून आले हे कळलं की निम्मं काम झालं.

शंभर: समोरासमोरच्या बाजूंच्या प्रत्येक जोडीतली लांब बाजू घेतली तर १२ आणि ८.४. गुणाकार १००.८. पावलं टाकणाऱ्याने घराच्या भिंतीलगत एकदा आणि उजव्या कडेने एकदा अशी टाकली असणार. जागा मागे निमुळती आहे हे त्यात आलंच नाही. वाफा आणि झाडही त्यात धरलं गेलं.

सत्त्याण्णव: फोनमधलं स्थान काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. शेतासाठी ते चालून जातं, अंगणासाठी नाही. तुमच्या चार बाजूंची बेरीज ३७.५ मीटर आहे. एवढ्या परिघावर सगळीकडे फक्त ४० सेंमी बाहेर गेलं तरी १५ चौरस मीटर वाढतात. माणूस कडेने चालतो तेव्हा कुंपणाच्या खांबांना वळसा घालूनच चालतो, आणि फोन तर त्याहून जास्त भरकटतो. उपग्रहाच्या नकाशावर बोट फिरवून मोजलं तरी अडचण येतेच, कारण झाडाची फांदी आणि छपराची पागोळी यांच्याखाली जमिनीची कड दिसत नाही.

८५.९: तिघांत हे सर्वांत जवळचं आहे, पण यातही एक गोष्ट राहून गेली आहे. चार बाजू मोजल्याने चौकोन पक्का होत नाही. चार पट्ट्या टोकांना खिळे मारून जोडल्या आणि ढकलल्या तर त्या तिरक्या होतात. बाजू त्याच राहतात, आतली जागा मात्र बदलते. तुमच्या जागेचा एकही कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे बाजूंवरून कळत नाही. त्यासाठी कर्ण मोजायला हवा.

तेव्हा असं करा. चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोका. अ पासून क पर्यंत सुतळी ताणून बांधा आणि तिची लांबी मोजा. मग टेपचं शून्याचं टोक ब च्या खुंटीला धरायला कुणाला तरी उभं करा. तुम्ही टेप ताठ धरून सुतळीवरून हळूहळू डावीउजवीकडे सरकवा. आकडा आधी कमी होत जाईल आणि मग पुन्हा वाढायला लागेल. जिथे तो सर्वांत कमी असेल तो तुमचा लंब. गुण्या लावायची गरज नाही, टेपच काटकोन शोधून देते. हेच ड च्या खुंटीवरून करा. मग कर्णाची लांबी गुणिले दोन्ही लंबांची बेरीज, भागिले दोन. एवढंच.

शक्य असेल तर दुसरा कर्ण, ब पासून ड पर्यंतचा, तोही मोजा. त्याचा उपयोग पडताळ्याला होतो.

टेप पोलादी असेल तर उत्तम. कापडी टेप जुनी झाली की ताणते. आणि टेप झोळासारखी लोंबू देऊ नका, मातीच्या ढेकळांवरून वर चढून खाली उतरली तर तेवढी लांबी फुकट वाढते.

वाफ्याचं वेगळं सांगते. आधी त्याची कड कायमची ठरवा. पाण्याची रबरी नळी जमिनीवर टाकून हवी तशी वळवा, गच्चीवरून किंवा खिडकीतून बघा, पटली की तिच्या कडेने चुन्याची फक्की ओढा. वळणं फार आखूड नकोत, गवत कापायचं यंत्र तिथे वळत नाही. मग कुंपणावर समान अंतरं पाडा. तुमचं कुंपण ९.६ मीटर आहे, त्याचे १.६ मीटरचे सहा भाग होतात, म्हणजे सात खुणा. प्रत्येक खुणेपासून कुंपणाशी काटकोनात चुन्याच्या रेघेपर्यंतचं अंतर लिहून घ्या.

झाडाच्या आळ्याचा व्यास थेट मोजता येत नाही, मध्ये खोड येतं. म्हणून आळ्याच्या कडेवरून टेप गोल फिरवा आणि परीघ घ्या.

उतारावर टेप जमिनीला टेकवूनच मापं घ्या, आडवी धरू नका. गवत उतारावरच अंथरायचंय.

मापं इथे टाका, मी हिशोब करून देते.

---

वर्तुळ_व्यास

मी गणित शिकवतो, म्हणून एक भर घालावीशी वाटते. समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार ही रीत फार जुनी आहे आणि आजही जमिनीच्या व्यवहारांत सर्रास वापरली जाते. तिचा एक ठरलेला स्वभाव आहे: ती कधीही खऱ्यापेक्षा कमी उत्तर देत नाही. आयत असेल तर बरोबर, बाकी प्रत्येक चौकोनाला जास्त. जागा जितकी तिरकी तितकं जास्त. त्यामुळे रानजाई, तुमचं खरं क्षेत्रफळ ८५.९ पेक्षा कमीच असणार, हे कर्ण मोजायच्या आधीच सांगता येतं.

किती कमी ते मात्र कर्णच सांगेल. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त यावर चांगलंच खडसावलं आहे. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्चच म्हणायचा, आणि उत्तर देणारा त्याहूनही मोठा. वर्गात हे सांगितलं की मुलांना तो नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

तुमच्याच बाजू घेऊन करून बघा. कर्ण अक समजा १५.५ मीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७७.७ येतं. तोच कर्ण ११.८ असेल तर सुमारे ८२.७. बाजू एका सेंटिमीटरनेही बदलल्या नाहीत, आणि पाच चौरस मीटरचा फरक पडला.

ज्यांना लंब शोधायचा नसेल त्यांच्यासाठी: त्रिकोणाच्या तिन्ही बाजू माहीत असतील तर त्यांच्या बेरजेची निम्मी करा. त्या निमपरिमितीतून एकेक बाजू वजा करून तीन संख्या मिळवा. निमपरिमिती आणि या तीन संख्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ. फोनच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे.

---

रानजाई

किती नीट सांगितलंत दोघांनी! आज दिरांना टेपच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि सगळं मोजून काढलं.

कर्ण अक: ११.८ मीटर. (वर्तुळ_व्यास सर, तुम्ही उदाहरणाला घेतलेलाच आकडा निघाला, मी चकित झाले.)
ब पासून सुतळीवर लंब: ७.९२
ड पासून लंब: ६.०९
दुसरा कर्ण बड: १४.७५

टेप सरकवताना आकडा खाली जाऊन परत वर चढतो ते बघायला फार छान वाटलं. ७.९५, ७.९३, ७.९२, मग पुन्हा ७.९३.

वाफ्याची अंतरं, ड कडून क कडे: ०.६, १.१, १.५, १.३, ०.९, १.२, ०.८.

आळ्याचा परीघ: ५.६५.

उतार: पाणसळ लावून बघितली, ३ मीटरमध्ये ४५ सेंमी उतरतं. बाजू मोजताना टेप जमिनीवरच टेकवली होती.

---

दूर्वांकुर

मापं सुरेख घेतली आहेत. चला.

मुख्य चौकोन: ७.९२ आणि ६.०९ मिळून १४.०१. त्याला ११.८ ने गुणलं आणि निम्मं केलं की ८२.७ चौरस मीटर. आता पडताळा. दुसरा कर्ण १४.७५ घेऊन सरांच्या रीतीने दोन त्रिकोण काढले: एक ४४.८, दुसरा ३७.९. बेरीज ८२.७. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, म्हणजे टेप कुठे अडकली नाही, कुठे आकडा चुकीचा लिहिला गेला नाही. हा पडताळा मी प्रत्येक कामात करते. दोन उत्तरांत एक चौरस मीटरहून जास्त फरक आला तर मी पुन्हा मोजायला लावते.

वाफा: टोकाची दोन अंतरं, ०.६ आणि ०.८, यांची सरासरी ०.७. मधली पाच मिळवली की ६.०. एकूण ६.७, गुणिले १.६, म्हणजे १०.७ चौरस मीटर. वळणाची कड धरणारं आणखी बारीक सूत्र लावलं तर ११.० येतं. आपण १०.७ च वजा करू. वजा करताना लहान आकडा घ्यायचा आणि मिळवताना मोठा, म्हणजे गवत कमी पडत नाही.

आळं: ५.६५ भागिले ३.१४ म्हणजे व्यास १.८, त्रिज्या ०.९, क्षेत्रफळ २.५.

घराच्या बाजूचा पट्टा: १.२ गुणिले ६.५ म्हणजे ७.८. एक बघा, हा पट्टा जिथे मोठ्या जागेला मिळतो तो कोपरा दोन्हीकडे मोजला गेला नाही ना? ६.५ मीटर तुम्ही अब या रेषेपर्यंतच घेतले असतील तर ठीक.

टाकीचं झाकण आणि फरश्या: काहीही वजा करू नका. झाकण ०.३६ चौरस मीटर, आठ फरश्या मिळून जेमतेम एक. तिथे रोल वरून अंथरायचा आणि सुरीने आकार कापून काढायचा. कापून निघालेला तुकडा दुसरीकडे क्वचितच बसतो, म्हणजे गवत तेवढं लागतंच.

उतार: ३ मीटरला ४५ सेंमी म्हणजे आडव्या मापापेक्षा तिरकं माप एक टक्क्याने जास्त. तुम्ही टेप जमिनीवर टेकवूनच मोजलंय, म्हणजे तो टक्का आत आलाच. उताराची धास्ती लोक उगाच घेतात. चारास एक असा चढ असला तरी फरक तीन टक्केच. दोनास एक असा तीव्र बांध असेल तर मात्र बारा टक्क्यांच्या आसपास जातो, तिथे नकाशावरचं माप घेऊन चालत नाही.

म्हणजे ८२.७ वजा १०.७ वजा २.५ अधिक ७.८ बरोबर ७७.३ चौरस मीटर.

आता कापाकापीचं. सरळ कडांच्या आयताला मी पाच टक्के जास्त धरते, खूप वळणं असतील तर दहा. तुमच्याकडे एक बाजू नागमोडी, दोन बाजू तिरक्या, एक गोल. आठ टक्के पुरेत. ८३.५, म्हणजे ८४ रोल. शंभर नव्हेत.

पट्ट्यात मात्र काहीच वाया जाणार नाही. रुंदी १.२ आणि रोल ०.४, म्हणजे बरोबर तीन ओळी उभ्या बसतात. काप फक्त टोकाला.

---

सावलीतला

मध्येच बोलतो, कारण झाडाचा उल्लेख वाचून राहवलं नाही. ते झाड किती दाट आहे? माझ्या अंगणातल्या मोठ्या झाडाखाली लॉन कधीच टिकलं नाही. पहिले काही आठवडे हिरवं दिसतं, कारण रोलमध्ये शेतातली ताकद शिल्लक असते. मग पाती लांब, बारीक आणि फिकट होतात, मधून माती दिसायला लागते आणि शेवटी शेवाळ येतं. ऊन नाही आणि मुळांशी पाण्यासाठी झगडा, गवताने करायचं काय?

मापं कागदावर पक्की करण्याआधी दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि चार वाजता, सावलीच्या कडेवर खुंट्या रोवून बघा. तिन्ही वेळा सावलीतच राहणारा भाग लॉनमधून काढून टाका. तिथे सावलीत वाढणारी जमिनीलगतची झाडं लावा किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. झाडालाही ते आवडतं, आणि गवत कापायच्या यंत्राने खोडाची साल सोलली जात नाही.

---

दूर्वांकुर

अगदी बरोबर बोललात, हे मी आधीच विचारायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. रानजाई ताई, हे करून बघाच.

तोवर अजून दोन गोष्टी.

रोलवाला कदाचित चौरस फुटांत बोलेल. मीटरचे फूट करताना ३.२८ ने गुणतात, पण चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६ ने गुणायचं. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेलेले मी मोठमोठ्या कामांच्या कागदांवर पाहिले आहेत. क्षेत्रफळाला ३.२८ लावलं तर गरजेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी माल येतो.

आणि रोलचं माप नुसतं ऐकून घेऊ नका. ४० गुणिले २५० हे शेतात कापतानाचं माप. गाडीतून उतरताना कडा झडलेल्या असतात, माती थोडी आकसलेली असते. रोल ३९ गुणिले २४६ भरला तर त्यात ०.९६ चौरस मीटरच गवत आहे. चौऱ्याऐंशी रोलांमागे तीन चौरस मीटर गेले. म्हणून मागणी रोलांच्या संख्येत देऊ नका, चौरस मीटरमध्ये द्या, आणि गाडी आली की वरचे एकदोन रोल उलगडून टेप लावा.

---

रानजाई

सावलीचं बघितलं. सकाळी ती उजवीकडे लांबते, दुपारी खोडाभोवती गोळा होते, चारनंतर डावीकडे जाते. तिन्ही वेळच्या खुंट्यांच्या आत राहणारा भाग साधारण गोल आहे, व्यास ३ मीटर. आळं तेवढं मोठं करायचं ठरवलं. सासूबाईंना त्यात सावलीची झाडं लावायची आहेत, त्या खूश आहेत.

नवा हिशोब मी केला, तपासाल का? दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ७.१. मग ८२.७ वजा १०.७ वजा ७.१ अधिक ७.८ बरोबर ७२.७. आठ टक्के मिळवून ७८.५, म्हणजे ७९. पट्टा मी अब रेषेपर्यंतच मोजला होता, कोपरा दोनदा आलेला नाही.

एक शंका उरली. रोल कोणत्या दिशेने अंथरायचे याचा मागणीवर फरक पडतो का? आणि माती अजून थोडी घालून सपाट करायची आहे, ती किती लागेल?

---

दूर्वांकुर

हिशोब बरोबर आहे.

दिशेचा फरक पडतो. सर्वांत लांब आणि सरळ बाजूला समांतर अंथरा, तुमच्याकडे ती घराकडची १२ मीटरची. पहिली ओळ तिथे ताणलेल्या सुतळीला धरून घाला. १२ भागिले अडीच म्हणजे ओळीत चार अख्खे रोल आणि पाचव्याचे दोन मीटर. उरलेल्या अर्ध्या मीटरने दुसरी ओळ सुरू करा. त्यामुळे सांधे आपोआप पुढेमागे पडतात, विटांच्या थरासारखे, आणि तुकडाही वाया जात नाही. ज्या दिशेने बहुतेक तुकडे असे पुढच्या ओळीत खपतात ती दिशा निवडायची. मागच्या नागमोडी कडेला आडवे रोल लावले असते तर प्रत्येक रोलाचं टोक कापावं लागलं असतं आणि आठ टक्क्यांत भागलं नसतं.

कडेला मात्र अर्ध्या मीटरचा किंवा त्याहून बारीक तुकडा लावू नका. तो चारी बाजूंनी सुकतो आणि उचलला जातो. कडेला नेहमी मोठा तुकडा, लहान तुकडा ओळीच्या पोटात. ओळ त्या उरलेल्या अर्ध्या मीटरने सुरू करायची म्हटलं, त्यात हीच दुरुस्ती करा: आधी एक अख्खा किंवा निम्मा रोल कडेला आणि त्याच्या शेजारी तो अर्धा मीटर. सांधे एकमेकांना घट्ट भिडवा, पण रोल ओढून लांब करू नका. ओढलेला रोल पहिल्याच उन्हात आकसतो आणि बोटभर फटी पडतात.

उतारावर रोल उताराला आडवे घाला, म्हणजे पाणी सांध्यातून सरळ खाली धावत नाही. तुमची १२ मीटरची बाजू कुंपणाच्या दिशेने जाणाऱ्या उताराला आडवीच येते, वेगळं काही करावं लागणार नाही.

माती: क्षेत्रफळ गुणिले जाडी. पाच सेंटिमीटर थर हवा असेल तर ७२.७ गुणिले ०.०५ म्हणजे ३.६ घनमीटर. इथे आठ टक्के मिळवायचे नाहीत, कारण कापाकापी गवताची होते, मातीची नाही. मात्र सैल माती पायाखाली दबते, तेव्हा चार घनमीटर मागवा. थर घातल्यावर फळीने ओढून सपाट करा, पाणी मारा, पावलांनी दाबा, जिथे खळगा पडेल तिथे पुन्हा भरा. आणि फरश्या, टाकीचं झाकण व घराकडची पायरी यांच्यापेक्षा जमीन दोन सेंटिमीटर खाली ठेवा. रोलला स्वतःची तेवढी माती असते. हे विसरलं की लॉन फरशीच्या वर येतं आणि कापायच्या यंत्राचं पातं फरशीला लागतं.

---

रानजाई

मागणीचा मजकूर असा लिहिला आहे, पाठवण्याआधी एकदा नजर टाका:

"अंथरण्याजोगं गवत ७९ चौरस मीटर. रोलची रुंदी व लांबी उतरवताना मोजली जाईल आणि रोलांची संख्या त्या मापावरून धरली जाईल. सर्व रोल एकाच शेतातले, एकाच दिवशी कापलेले. कापल्याच्या दिवशीच पोचवणे, शक्यतो सकाळी."

---

वर्तुळ_व्यास

'एकाच शेतातले' लिहिलंत ते उत्तम.

---

दूर्वांकुर

चांगला आहे. दोन गोष्टी घाला. गवताची जात नावाने लिहा, नुसतं 'लॉन' नको. दुसरं, मातीचं सपाटीकरण पूर्ण झाल्याशिवाय तारीख देऊ नका. 'तारीख जागा तयार झाल्यावर कळवू' असं लिहा. रोल दारात आणि माती अर्धवट, ही वेळ येऊ देऊ नका.

काम संपल्यावर दोनतीन रोल उरतील. ते गुंडाळलेले ठेवू नका. सावलीत, मोकळ्या मातीवर उलगडा आणि बाकी लॉनसारखंच पाणी द्या. पहिल्या पंधरवड्यात एखादा कोपरा वाळला किंवा कुत्र्याने उकरला तर तिथला तुकडा काढून यातला बसवता येतो, रंगही जुळतो.